पर्यायांचा क्रम लावताना

इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी कॉलेजांचा क्रम लावतोयस ना? पुण्याचं सीओईपी १८५४चं, मुंबईत माटुंग्याचं व्हीजेटीआय १८८७चं, सांगलीचं वालचंद १९४७चं. तिन्ही उत्तम, त्यामुळे नावावरून ठरवू नकोस. चार वर्षं तुला कोणता विषय शिकायचाय? मेकॅनिकलची खरी ओढ असेल, तर केवळ लोक म्हणतात म्हणून कॉम्प्युटरला यादीत वर टाकू नकोस.

कॅपचा, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, पर्याय अर्ज मनातल्या क्रमानेच भर. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला, तर पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. मी तो क्रम घाईत, मित्राचा बघून लावला होता, अजून सलतं.

आणि एकदा प्रत्यक्ष जाऊन ये. प्रयोगशाळा बघ, तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी मेसमध्ये बोल. वसतिगृह मिळेल का, हे आधी विचार. माटुंग्यात बाहेर खोली घेणं सांगलीपेक्षा फार महाग पडतं. घरच्यांशीही खर्चाचं मोकळेपणानं बोल.