मैत्रीण कायमची परगावी चालली आहे. तिला हाताने शिवलेली गोधडी द्यायची आहे, पण शिवण फारशी येत नाही. जमेल का, की सरळ विकतची द्यावी?

जमेल, हातात दोन-तीन महिने असले तर. ती पुढच्याच आठवड्यात निघणार असेल, तर विकतची द्या आणि स्वतःला छळू नका.

गोधडीला धावदोरा आला की पुरतं. कसोटी लागते ती चिकाटीची. म्हणून पहिल्याच फटक्यात डबलबेडची काढू नका. मांडीवर घेऊन वाचत बसता येईल एवढी पुरे. 5 इंची चौकोन कापले आणि प्रत्येक बाजूला पाव इंच शिवणीत सोडलं, तर प्रत्येक चौकोन साडेचार इंचांचा उरतो. आडवे 9, उभे 13, म्हणजे 117 चौकोनांत साधारण 40 बाय 58 इंचांची गोधडी होते.

कापड एकाच जाडीचं सुती घ्या. जीन्सशेजारी मलमल जोडली, तर शिवणीपाशी आधी मलमलच फाटते. टी-शर्ट घालायचाच असेल, तर मागून चिकटणारं अस्तर इस्त्रीने लावा, नाहीतर तो ताणला जातो. कापण्याआधी सगळं धुऊन घ्या. गडद लाल आणि निळा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग सुटला तर तो तुकडा कितीही आवडता असला तरी बाजूला.

आता मैत्रीचा भाग. सगळं कापड तुमचंच हवं असं कुठे आहे? तुमच्या दोघींच्या ओळखीतल्या प्रत्येकीकडून एकेक जुना कपडा मागा, जमल्यास तिचं नावही तिच्याच अक्षरात. 1840 च्या दशकात अमेरिकेत अशा गोधड्यांची लाटच होती. कुणी घर सोडून दूर पश्चिमेकडे निघालं, की मैत्रिणी आणि नातलग कापडाच्या तुकड्यांवर न जाणाऱ्या शाईने नावं लिहून देत. तुम्ही पेन्सिलने लिहून घेऊन वरून उलटी टीप घाला. वेडंवाकडं अक्षर सरळ करायच्या फंदात मात्र पडू नका, ओळख त्यातच असते.

खरी मेहनत पुढे. अस्तर, म्हणजे गोधडीचं मागचं कापड, चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठं कापा, उलटं करून जमिनीवर ताणून चिकटपट्टीने बसवा. त्यावर कापसाचा थर, वर जोडलेले चौकोन. कच्चा टाका मधून कडेकडे घालत जा. कडेकडून आत आलात तर सगळ्या चुण्या मध्यावर गोळा होतात आणि मग उसवत बसावं लागतं. पक्के टाकेही मधूनच सुरू करा. सुई आखूड आणि बारीक, दोरा हातभरच. गाठ वर दिसू द्यायची नाही: वरच्या कापडातून हलका झटका देऊन ती आत कापसात ओढून घ्यायची. पहिल्यांदा ती ‘टप्’ करून आत गेली की फार बरं वाटतं! टाके बारीक नसले तरी चालतील, एकसारखे असू द्या. आणि अंगुस्तान घाला, बोटं वाचतील.

शेवटी कडेला दुहेरी पट्टी. गोधडी आधी झिजते ती तिथेच.

तिने ती जपून कपाटात ठेवली तर मला तरी वाईटच वाटेल, म्हणून देताना धुण्याचंही सांगा: थंड पाणी, साधा साबण, सावलीत आडवी वाळवायची. पहिल्या एक-दोन धुण्यांत आतला कापूस थोडा आटतो आणि टाक्यांभोवती सुरकुत्या येतात. ते बिघडणं नव्हे, हे आधीच सांगून ठेवा.