रोड बाईकसाठी क्लिपलेस पेडल आणि शूज कसे निवडावेत?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात रोड बाईक घेतली आहे, रोज सकाळी शहरातून सिंहगड रस्त्यानं जाता आणि पुढे 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, करायची आहे. क्लिपलेस पेडलमध्ये बुटाच्या तळव्याला बोल्टनं बसवलेला तुकडा, म्हणजे क्लीट, अडकते. दुकानदार तीन बोल्टचे रोड पेडल घ्या म्हणतो, मित्र दोन बोल्टचे एसपीडी घ्या म्हणतो. माझं मत मित्राच्या बाजूनं.

तीन बोल्टची पद्धत शर्यतीतून आली. लूक या फ्रेंच कंपनीनं 1984 मध्ये हे पेडल आणलं आणि पुढच्याच वर्षी फ्रेंच सायकलपटू बर्नार्ड इनो त्यावर टूर द फ्रान्स जिंकला. क्लीट मोठी असल्यानं जोर चवड्याखाली रुंद पसरतो, लांब चढावर पाय छान बसतो. पण ती प्लास्टिकची क्लीट तळव्याच्या बाहेर आलेली असते. ढाब्याच्या ओल्या फरशीवर घसरते, डांबरावर चालून झिजते, आणि पेडलला एकच बाजू असल्यानं सिग्नल सुटला की पेडल सरळ करून मग पाय अडकवावा लागतो.

शिमानो या जपानी कंपनीची एसपीडी 1990 मध्ये माउंटन बाईकसाठी आली. दोन बोल्ट, लहान धातूची क्लीट, आणि तीही सोलच्या खाचेत बसलेली, त्यामुळे चालताना बूट बुटासारखाच वाटतो. एम520 सारख्या पेडलला दोन्ही बाजूंनी पाय अडकतो. बीआरएममध्ये 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, त्यात कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, उतरणं, चहा, पंक्चर, सगळं आलं. तिथे चालता येणं फार मोलाचं. साधी चप्पल घालूनही सायकल चालवायची असेल, तर शिमानोचं ईएच500 पेडल बघा, त्याची एक बाजू सपाट आहे.

पैसे मात्र पेडलपेक्षा शूजवर घाला. हे मी आग्रहानं सांगतोय, कारण पेडल स्वस्त असलं तरी चालतं, पण चुकीच्या मापाचा बूट शंभर किलोमीटरनंतर बोटं बधिर करतो. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, सायकलिंगचेच मोजे घालून बघा. टाच उचलली जाता कामा नये, बोटांपुढे थोडी जागा हवी. चवडा रुंद असेल तर एक नंबर मोठा घेऊ नका, वाइड माप मागा. शिमानोच्या काही मॉडेलमध्ये ते मिळतं. कार्बन सोलची सुरुवातीला गरज नाही, नायलॉनचा कडक सोल पुरतो. घेण्याआधी सोल उलटा करून भोकं दोन बोल्टची की तीनची, ते नक्की बघा.

तरीही तीन बोल्टचंच घ्यायचं ठरलं, तर शिमानोची पिवळी क्लीट लावा. तिच्यात पाय 6 अंश हलतो, निळीत 2, लाल क्लीट पाय जागचा हलू देत नाही. गुडघ्याला थोडी मोकळीक हवीच असते.

क्लीट चवड्याच्या हाडाच्या किंचित मागे बसवा. पेडलची क्लीटवरची पकड ॲलन कीनं (षटकोनी पान्यानं) अगदी सैल ठेवा. आधी भिंतीला हात टेकून, मग रिकाम्या मैदानात, टाच बाहेर फिरवून पाय सोडवायचा सराव करा. सिग्नल दिसला की थांबायच्या बऱ्याच आधी एक पाय मोकळा करायचा, आणि तोही दरवेळी तोच. डावं पेडल बसवताना आटे उलटे असतात, हे लक्षात ठेवा.