“जॉब ऑफर आहे का?” हो लिहू की नाही?

प्रश्न : ताई, पुण्यातून रसायनशास्त्रात पीएचडी करून गेलं दीड वर्ष मी कॅनडातल्या सास्कॅटूनला पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम) करते आहे. वय ३१. करार एकेका वर्षाचा, सध्याचा ३१ ऑगस्टला संपतो. पीआरसाठी (कॅनडात कायम राहण्याच्या परवानगीसाठी) एक्स्प्रेस एंट्रीचं, म्हणजे गुणांच्या क्रमवारीने निवड करणाऱ्या पद्धतीचं, प्रोफाइल भरताना ‘कॅनडात जॉब ऑफर आहे का’ या प्रश्नाशी अडकले. रूममेट म्हणते, हो लिही, ५० गुण मिळतात. बाबा साताऱ्याहून म्हणतात, दर महिन्याला पगार येतोय, मग नाही कसं लिहिशील? प्राध्यापक पुढच्या वर्षाचं पत्र द्यायला तयार आहेत, पण ‘निधी उपलब्ध असल्यास’ या अटीवर. काय करू?

उत्तर : ‘नाही’ लिही.

बाबांचा हिशेब आपल्याकडच्या रीतीने बरोबर आहे, नोकरी आहे म्हणजे ऑफर आहेच. पण त्या रकान्यात आजच्या नोकरीची चौकशीच नाही. पीआर मिळाल्यानंतर किमान एक वर्ष, पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला ३० तास तरी, तुला कामावर ठेवू असं कुणी लेखी दिलंय का, हे तिथे विचारलंय. वर्क परमिट म्हणजे जॉब ऑफर नव्हे, हे इमिग्रेशन खातं स्वतःच सांगतं.

आता तारखा लावून बघ. समजा मार्चमध्ये अर्ज करण्याचं निमंत्रण आलं. त्यानंतर ६० दिवसांत अर्ज, म्हणजे मे. निकालासाठी खात्याचं स्वतःचं उद्दिष्ट सहा महिन्यांचं, म्हणजे नोव्हेंबर. तिथून पुढे एक वर्ष. तुझ्या हातातला करार ३१ ऑगस्टलाच संपतो आणि पुढच्या वर्षाचं पत्र निधीवर टांगलेलं! शिवाय पोस्टडॉकचं परमिट बहुधा सी४४ या कोडखाली, एलएमआयएशिवाय (परदेशी माणूस नेमायला मालकाला सरकारकडून घ्यावी लागणारी मंजुरी) निघतं. अशा परमिटवर ऑफर दाखवायची तर त्याच संस्थेत वर्षभर पूर्णवेळ काम झालेलं असावं लागतं. ती अट तू पार केलीस, अडतं ते पुढच्या वर्षावर.

रूममेटची माहिती शिळी आहे. जॉब ऑफरचे ५० गुण (अगदी वरच्या व्यवस्थापकांना २०० मिळत) २५ मार्च २०२५ पासून बंद झाले. म्हणजे ‘हो’ लिहून क्रमवारीत एक गुणही वाढणार नाही, आणि उत्तर खोटं ठरलं तर चुकीची माहिती दिल्याबद्दल पाच वर्षांची बंदी येऊ शकते. इतका तोट्याचा सौदा कशाला?

मग तो प्रश्न अजून ठेवलाय कशासाठी? एक्स्प्रेस एंट्रीतल्या फेडरल स्किल्ड वर्कर या वर्गासाठी. तिथे १०० पैकी ६७ गुणांची वेगळी पात्रता आहे, तिच्यात ऑफरचे गुण अजून धरतात. कॅनडात काम करायची परवानगी आणि वैध ऑफर दोन्ही असतील तर बँकेत ठरावीक रक्कम दाखवण्यातूनही सूट मिळते. तुला ६७ साठी ऑफर लागतच नाही : पीएचडीचे २५, इंग्रजीत चारही कौशल्यांत सीएलबी ९ (कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवरची नववी पातळी) आलं तर २४, वयाचे १२, एका वर्षाच्या अनुभवाचे ९. झाले ७०. फक्त पुण्याच्या पदवीचं ईसीए (परदेशी पदवी कॅनडातल्या कोणत्या पदवीइतकी, याचं प्रमाणपत्र) करून घे, नाहीतर ते २५ कागदावर येणार नाहीत.

तुझा खरा रस्ता एक्स्प्रेस एंट्रीतलाच दुसरा वर्ग, कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लास. गेल्या तीन वर्षांत कॅनडात एक वर्षाचं, म्हणजे १,५६० तासांचं कुशल काम. ऑफर नको, बँकेतली रक्कम दाखवायला नको. (हे सगळं क्युबेकबाहेर राहणाऱ्यांसाठी. मॉन्ट्रियलमध्ये स्थायिक व्हायचं असतं तर एक्स्प्रेस एंट्री लागूच नव्हती.)

पण इथे पोस्टडॉकची एक खास अडचण आहे, आणि तुझ्या पत्रात तिचा उल्लेखही नाही. तुझे पैसे ‘पगार’ म्हणून येतात की ‘फेलोशिप’ म्हणून? गेल्या वर्षीची करस्लिप काढ. टी४ (पगाराची स्लिप) असेल तर तू कर्मचारी, निश्चिंत राहा. टी४ए (फेलोशिपसारख्या इतर उत्पन्नाची स्लिप) असेल तर अधिकारी विचारू शकतो की हे काम होतं की शिष्यवृत्ती, कारण कामाच्या व्याख्येत मोबदला म्हणून वेतन अपेक्षित आहे. पूर्णवेळ विद्यार्थी असताना केलेलं कामही या वर्गात धरत नाहीत, आणि काही विद्यापीठं पोस्टडॉकना ‘ट्रेनी’ म्हणून नोंदवतात. तुझं असं असेल तर तू विद्यार्थिनी नाहीस, हे एचआरकडून लिहून घे. टी४ए निघाली तर अर्जाआधी परवानाधारक सल्लागाराला किंवा वकिलाला एकदा कागद दाखव. तिथे खर्च होऊ दे.

आता अनुभवाचं पत्र. माझ्याकडे आलेल्या एका मुलाच्या प्राध्यापकांनी दीड पानभर लिहिलं होतं : हुशार, कष्टाळू, प्रयोगशाळेचा आधार. वाचून आईला रडू आलं असतं. पण आठवड्याचे तास कुठेच नव्हते, पगाराचा आकडा नव्हता, रुजू झाल्याची तारीखही नव्हती. ते शिफारसपत्र झालं. तुला हवं ते लेटरहेडवर, सहीनिशी : पद, कामाचं स्वरूप, तास, वार्षिक पगार आणि लाभ, कधीपासून. कामाचं वर्णन तू निवडलेल्या एनओसी कोडशी (कॅनडाच्या व्यवसाय-यादीतला क्रमांक) जुळायला हवं, मात्र त्यातली वाक्यं जशीच्या तशी उतरवू नकोस, ते लगेच ओळखू येतं.

तर प्राध्यापकांकडे पुढच्या वर्षाचं पत्र मागत बसण्याऐवजी एचआरला आजच या पत्रासाठी मेल टाक. आलेल्या पत्रावर तास नसतील तर परत पाठव, संकोच करू नकोस. आणि ३१ ऑगस्टनंतरच्या परमिटचं काय, ते मात्र प्राध्यापकांना याच महिन्यात विचार.