ग्रुपवर कोणाला थांबवलं की मीच वाईट ठरते

हा प्रश्न समुपदेशनात माझ्याकडे इतक्या वेळा आलाय, ट्रेकिंगवाल्यांकडून, सोसायटीच्या कमिटीवाल्यांकडून, ढोल-ताशा पथकातल्या पोरांकडून, की एकदा नीट लिहायचं ठरवलं. सगळ्यांचं म्हणणं साधारण एकच. मी हौसेनं, एक रुपया न घेता कामाचा ग्रुप सांभाळते, तिथे भांडणं होतात, कोणाला बोललं तर मी वाईट, गप्प बसलं तरी मीच वाईट, आणि या सगळ्यात माझी झोप उडालीये.

यातली एक मुलगी माझ्या कायम लक्षात राहील. (ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि तिला विचारूनच लिहितीये.) वय 29, हिंजवडीत नोकरी, राहायला कोथरूड. दर रविवारी सकाळी काही मंडळी टेकडीवर पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन झाडांना पाणी घालायला जातात, त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपची ती ॲडमिन. माणसं 240.

पहिल्या दिवशी आली, फोन माझ्या टेबलावर पालथा ठेवला आणि बोलायला लागली. दहा मिनिटांत तो तीनदा थरथरला आणि तिन्ही वेळा तिचे खांदे वर गेले. तिला कळलंही नाही. मी विचारलं, "आत्ता नाही बघितलं तर काय होईल?" म्हणाली, "मॅडम, कधीकधी खरंच वणवा लागलेला असतो."

तिची दोन महिन्यांची झोप गेली होती ते प्रकरण असं. कॉलेजच्या एका मुलानं ग्रुपवर लिहिलं की आपल्या टेकड्या मुळात गवताळ, खुरट्या झुडपांच्या, तिथे दिसेल त्या मोकळ्या जागेत वड-पिंपळ लावू नयेत आणि ते गिरिपुष्प, म्हणजे बाहेरून आणून लावलेलं ग्लिरिसिडियाचं झाड, तर आधीच सगळीकडे माजलंय. मुद्दा वादाचा असेल, पण अभ्यास करून मांडलेला होता. त्यावर ग्रुपमधले एक ज्येष्ठ काका, ज्यांनी 15 वर्षं स्वतःच्या खांद्यावरून पाणी वाहिलंय, रात्री पावणेबाराला भडकले. काल आलात आणि आम्हाला शिकवता, आईबापांनी हेच शिकवलं का, वगैरे. मग दोन्ही बाजूंनी लोक उतरले आणि सकाळपर्यंत सत्तरेक मेसेज. ही रात्रभर नोट्समध्ये उत्तर लिहीत आणि खोडत बसली. सहा वेळा लिहिलं, एकदाही पाठवलं नाही.

मी विचारलं, आईबापांवरचा मेसेज तेवढा का नाही काढलास, ॲडमिनला काढता येतो ना? तर म्हणाली, काढला की तिथे माझं नाव दिसतं, अमुक ॲडमिनने हा मेसेज डिलीट केला म्हणून, 240 लोकांसमोर. काका माझ्या बाबांच्या वयाचे आहेत, त्यांना मी कोण थांबवणार?

इथे मी एक चूक केली. तिला सांगितलं, रात्री दहानंतर ग्रुप म्यूट कर. पुढच्या आठवड्यात ती जास्तच थकून आली, कारण म्यूट केल्यावर वणव्याचा मेसेज सुटेल या भीतीनं ती दर अर्ध्या तासाला उठून फोन बघत होती. तिची भीती खोटी नव्हतीच. उन्हाळ्यात टेकडीवर आग लागते आणि ते पहिल्यांदा ह्याच ग्रुपवर येतं. मग आम्ही बसून दोन गोष्टी वेगळ्या केल्या. आगीसाठी आठ जणांचा वेगळा छोटा ग्रुप, त्यात गप्पा नाहीत, आणि आग दिसली की ग्रुपवर टाकायच्या आधी फोन, 101 ला नाहीतर वनखात्याच्या 1926 ला. रात्री जागं राहायची पाळी आठ जणांत वाटून घेतली. मोठा ग्रुप रात्री बंद. त्या आठवड्यात ती सलग सहा तास झोपली.

पण काकांना थांबवायचा प्रश्न तसाच होता. अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती आम्ही वापरतो, त्यात माणसाच्या इच्छेचा हट्ट कुठे होतो ते शोधायचं असतं, आणि मराठीत तो बरेचदा एका 'च'मध्ये सापडतो. हिच्या वहीत वाक्य होतं, "सगळ्यांनी मला समजून घेतलंच पाहिजे." मी म्हटलं, 'च' काढून वाच. "सगळ्यांनी मला समजून घेतलं तर बरं वाटेल." हे खरंय, आणि नाही घेतलं तर वाईट वाटेल हेही खरंय, पण आभाळ कोसळणार नाही.

तिला ते पटलं, पण डोक्यापर्यंतच. खरा फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीनं. हल्ली कोणी ग्रुप सोडला की फक्त ॲडमिनला कळतं, आणि गेलेल्यांची यादी 60 दिवस बघता येते. मी म्हटलं, उघड ती यादी आणि मोठ्यानं वाच. 11 नावं निघाली. त्यात 7 मुली, बहुतेक पंचविशीच्या आतल्या, आणि तो कॉलेजचा मुलगाही. कोणीच भांडलं नव्हतं, कोणी तक्रार केली नव्हती, नुसते गेले. ती वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "म्हणजे मी काकांना दुखवायचं नाही म्हणून ह्यांना जाऊ दिलं."

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. गप्प बसलं म्हणजे आपण कोणाचीच बाजू घेतली नाही असं आपल्याला वाटतं, पण जो मोठ्यानं बोलतो त्याची बाजू आपण घेतलेलीच असते, आणि त्याचे पैसे जे बोलत नाहीत ते भरतात.

पोलिसांची भीती पण असते लोकांना, ती हिलाही होती, कोणी काही भलतं टाकलं तर मला पकडतील का. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये स्पष्ट सांगितलंय की सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेलं काही नसेल तर, निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. हे कळल्यावर तिच्या मानेवरचं अर्धं ओझं उतरलं.

मग तिनं नियम लिहिले, तीनच, आणि ते लिहायला काकांनाही बोलावलं. झाडांवर कितीही भांडा, माणसावर जायचं नाही. रात्री दहानंतर वाद नाही. माणसावर गेलेला मेसेज काढला जाईल आणि काढणारी ॲडमिन त्या माणसाला स्वतः फोन करेल. काका आले नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांनी परत एकीला उद्देशून तसंच लिहिलं, हिनं मेसेज काढला आणि सकाळी साडेसहाला टेकडीच्या पायथ्याशी चहाच्या गाडीवर त्यांना गाठलं. म्हणाली, "काका, तो मेसेज मी काढला. तुमच्याइतकं पाणी इथे कोणी घातलेलं नाही, ते मला माहितीये, पण ती पोरगी रडत होती." काका चहा अर्धा टाकून निघून गेले.

त्या दिवशी दुपारी तिनं मला मेसेज केला, हात थरथरतायत. मी लिहिलं, थरथरू देत, जेवून घे.

काका ग्रुपमध्ये आहेत, लिहीत नाहीत. रविवारी येतात, तिच्याशी बोलत नाहीत, कॅन मात्र तिच्या हातातून घेतात. गेलेल्या अकरा जणांना तिनं एकेकाला स्वतः लिहिलं, चौघी परत आल्या. तो मुलगा म्हणाला, परीक्षा झाल्यावर बघतो. काका समोर आले की अजून पोटात गोळा येतो असं परवा सांगत होती, पण पूर्वी तो रविवारपासून बुधवारपर्यंत टिकायचा, आता टेकडी उतरेपर्यंत जातो.