जॉर्ज मायकलने आम्हाला फसवलं का?

प्रश्न : ब्रिटिश गायक जॉर्ज मायकलची प्रेमगीतं ऐकत मी मोठी झाले. तो समलिंगी आहे हे कळलं ते १९९८ मध्ये, तेही अटकेच्या बातमीतून. इतकी वर्षं त्याने चाहत्यांना अंधारात का ठेवलं? आजचे गायक तर सहज सांगून मोकळे होतात.

उत्तर : ताई, तुम्हाला वाईट वाटलं हे समजू शकतो, पण 'फसवलं' हे मला मान्य नाही. तेव्हाचं ब्रिटन आठवून पाहा. 'ब्रॉन्स्की बीट' या बँडचे तिघेही कलाकार उघडपणे समलिंगी होते. त्यांचा १९८४चा पहिला अल्बम माझ्याकडे आहे. आतल्या वेष्टणावर देशोदेशींची संमतिवयं, म्हणजे शरीरसंबंधांसाठी कायद्याने ठरवलेली किमान वयं, छापली आहेत. ब्रिटनमध्ये स्त्री-पुरुषांसाठी १६, दोन पुरुषांसाठी २१! त्यात एड्सची भीती. आजारी कलाकारांच्या दाराशी छायाचित्रकार ठाण मांडून बसत. 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याने आपल्याला एड्स असल्याचं २३ नोव्हेंबर १९९१ला जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला.

त्याच्या स्मरणार्थ २० एप्रिल १९९२ला लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर झालेल्या कार्यक्रमाचं चित्रीकरण जरूर पाहा. जॉर्ज 'समबडी टु लव्ह' गातो आणि सगळं मैदान त्याच्याबरोबर गातं. त्याचा जोडीदार अन्सेल्मो फेलेपा तेव्हा एचआयव्हीच्या सावटाखाली होता. आपण त्या दिवशी अन्सेल्मोसाठी प्रार्थना करत गात होतो, हे जॉर्जने खूप नंतर सांगितलं. हे कळल्यावर ते गाणं मला पूर्वीसारखं ऐकताच येत नाही. १९९३ मध्ये अन्सेल्मो गेला. 'जीझस टु अ चाइल्ड' हे त्याच्यासाठी केलेलं गाणं १९९६ मध्ये आलं आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. एवढ्या लोकांनी ऐकलेला हा शोक नेमका कोणासाठी, हे त्याला उघडपणे सांगता येत नव्हतं. यात चाहत्यांची फसवणूक कुठे आली? कोंडी झाली ती त्याची.

अटकेनंतर मात्र त्याने मान खाली घातली नाही. टीव्हीवर येऊन स्वतः बोलला आणि त्याच वर्षी 'आउटसाइड'च्या व्हिडिओत पोलिसाच्या गणवेशात नाचला.

'सहज सांगून मोकळे होतात' याबद्दलही थोडं. १९९९ मध्ये 'बॉयझोन' या आयरिश बँडचा गायक स्टीफन गेटली समलिंगी असल्याची गोष्ट कोणीतरी वर्तमानपत्राला विकायला निघालं होतं, म्हणून त्याला घाईने स्वतःच सांगावं लागलं. चाहते त्याच्या पाठीशी उभे राहिले, पण ते राहतील याची खात्री त्याला कोण देणार होतं? २०१९ मध्ये अमेरिकी रॅपर लिल नॅस एक्सने सांगितलं तेव्हा त्याचं 'ओल्ड टाउन रोड' हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. वेळ त्याने स्वतः निवडली, मागे कुणी बातमीदार लागला नव्हता. हा बदल फार मोठा आहे. तरी शिव्या त्यालाही खाव्या लागल्याच.