लपलेल्या वस्तू शोधण्याचे खेळ: कोणते घ्यावे, कसे खेळावे

ताई, नमस्कार. निवृत्तीनंतर मोबाइलवर वस्तू शोधण्याच्या खेळांची गोडी लागली, पण दर दोन मिनिटांनी जाहिरात येते आणि रंगात आलं की ‘एनर्जी’ (खेळायची ठरावीक शिल्लक) संपते, असं तुम्ही लिहिलं आहे. फोंड्याच्या घरी मुलाचा जुना लॅपटॉप पडून आहे, चार जीबीचा. त्यावर काय खेळावं, हिंट (वस्तू कुठे आहे ते दाखवणारी खेळातली मदत) घेणं म्हणजे लबाडी का, डोळ्यांना त्रास होईल का आणि या वयात यात वेळ घालवणं बरं दिसतं का, असे तुमचे प्रश्न आहेत. मी हे खेळ बरीच वर्षं मनापासून खेळतो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, मोबाइलवरचे ते फुकटचे खेळ सोडा. खेळाचा प्रकार उत्तमच आहे, गोची त्याच्या कमाईच्या पद्धतीत आहे. फुकटच्या खेळाला पैसे मिळतात ते तुम्ही अडलात तर. अडलात की जाहिरात बघाल किंवा शंभर रुपये भराल. त्यामुळे तो कधी संपतच नाही. तीच खोली पाच-सहा वेळा दाखवतात, दर वेळी यादी थोडी लांबवतात, वेळ थोडा कमी करतात. तुम्हाला ज्याचा कंटाळा आला आहे तो हाच. एकदा विकत घेतलेल्या खेळाचं असं नसतं. त्याला सुरुवात असते, गोष्ट असते आणि शेवट असतो. बनवणाऱ्याला त्याचे पैसे आधीच मिळालेले असतात, तुम्हाला मध्येच थांबवून त्याला काही मिळवायचं नसतं. शेवट असलेला खेळ घ्या आणि चित्राला वेळ द्या, माझं मुख्य सांगणं एवढंच.

हा प्रकार संगणकावर रुजला तो २००५ साली, अमेरिकेतल्या सिएटलच्या ‘बिग फिश गेम्स’ कंपनीच्या ‘मिस्टरी केस फाइल्स: हंट्सव्हिल’ या खेळाने. छोट्या गावातले गुन्हे, वस्तूंनी खच्चून भरलेलं चित्र, बाजूला यादी आणि डोक्यावर घड्याळ. चुकीच्या ठिकाणी क्लिक केलं की वेळ कापला जायचा. पुढच्याच वर्षी त्याच मालिकेत ‘रेव्हनहर्स्ट’ आला, त्यात जुना वाडा आणि सलग गोष्ट होती. तिथून या खेळांना कथेची चटक लागली. हळूहळू घड्याळ मागे पडलं, दारांच्या कुलपांपाशी कोडी आली, एका खोलीत सापडलेली वस्तू दुसऱ्या खोलीत वापरायची पद्धत आली. आजचे चांगले खेळ या वळणाचे आहेत. मला घड्याळ नसलेलेच आवडतात, आणि तुम्हीही तेच निवडावेत.

सुरुवातीला पोलंडच्या ‘आर्टिफेक्स मुंडी’चे खेळ घ्या. त्यांचा ‘नाइटमेअर्स फ्रॉम द डीप: द कर्स्ड हार्ट’ २०१२ चा आहे. एका संग्रहालयाच्या संचालिकेच्या मुलीला मेलेला समुद्री चाचा पळवून नेतो आणि आई तिच्या मागे जाते. जहाजं, गुहा, खजिन्याच्या पेट्या, पाण्याखालचे अवशेष अशी सगळी चित्रं हाताने रंगवल्यासारखी आहेत. अंगावर काटा येईल असं त्यात फारसं काही नाही. रोज तास-दीड तास बसलात तर चार-पाच दिवस पुरेल. त्यानंतर त्यांचाच ‘एनिग्मॅटिस: द घोस्ट्स ऑफ मेपल क्रीक’. त्यात भिंतीवर पुराव्यांचा फळा आहे, सापडलेली चिठ्ठी, फोटो, कात्रणं एकमेकांशी जोडून काय घडलं ते तुम्ही ठरवायचं. पेपरातलं शब्दकोडं सोडवायची सवय असेल तर हा फळा तुम्हाला फार आवडेल. या खेळांतल्या हवेल्या युरोपातल्या असल्या तरी आपल्याला परक्या वाटत नाहीत. गोव्यातल्या चांदरचं जुनं ब्रागांझा घर पाहिलेल्या गोंयकाराला झुंबरं, नक्षीच्या खुर्च्या आणि चिनी मातीची भांडी नवीन नाहीत, त्यामुळे नजर तिथे लवकर रुळते.

यादी वाचायचा कंटाळा आला की ‘हिडन फोक्स’ घ्या. २०१७ चा आहे. काळ्या-पांढऱ्या रेषांनी हाताने काढलेली प्रचंड चित्रं, त्यात शेकडो लोक, झाडं, तंबू, जनावरं. प्रत्येक गोष्टीला हात लावला की काहीतरी हलतं: दार उघडतं, झुडूप बाजूला होतं, माकड उडी मारतं. त्यातले सगळे आवाज माणसांनी तोंडाने काढलेले आहेत. घड्याळ नाही, गुण नाहीत. कोणाला शोधायचं आहे त्यावर क्लिक केलं की एक ओळीचा इशारा मिळतो आणि त्या इशाऱ्यातच शोधाची मजा आहे. नातवंडं येतात तेव्हा हाच खेळ उघडा. दोघं-तिघं एका स्क्रीनपुढे बसून बोट दाखवत खेळावं असा खेळ यापेक्षा चांगला मला माहीत नाही.

शोधण्यापलीकडचं काही हवं असेल तर दोन नावं सांगतो. ‘मशिनारियम’, चेक प्रजासत्ताकातल्या ‘अमानिता डिझाइन’चा, २००९ चा. गंजलेल्या शहरातला एक छोटा रोबो, आणि संपूर्ण खेळात एकही संवाद नाही, सगळं चित्रांतून कळतं. थोडा अवघड आहे, पण प्रत्येक टप्प्याची मदत-वही आत दिलेली आहे. दुसरा ‘अ लिटल टू द लेफ्ट’, २०२२ चा. चमचे आकाराप्रमाणे लावा, पुस्तकं उंचीने लावा, एवढंच, आणि मध्येच मांजर पंजा घालून सगळं विस्कटते. यातल्या अनेक कोड्यांना एकाहून जास्त उत्तरं आहेत. ज्यांना फडताळ नीट लावल्याशिवाय झोप येत नाही त्यांच्यासाठी हा बनवला आहे.

आता शोधायचं कसं. हे कोणी शिकवत नाही आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. बरेच जण चित्र उघडलं की यादीतलं पहिलं नाव वाचतात आणि ते शोधत बसतात. तसं करू नका. आधी मिनिटभर यादीकडे बघूच नका, नुसतं चित्र बघा. चवथीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर फळापानांनी सजवलेल्या छताखाली, उभं राहिल्यावर आपण काय करतो ते आठवा. पहिल्या नजरेला नुसतं हिरवं-पिवळं छत दिसतं. थोडं थांबलं की नारळ आणि सुपारीचे घोस वेगळे होतात, मग चिबूड, तोरिंगण, आंबाडे, आणि शेवटी पानांच्या आड लपलेली कांगलांची छोटी फळं. या खेळांचं चित्रही असंच थरांनी उलगडतं. त्याला तो मिनिट दिला की पुढची अर्धी यादी आपोआप सापडते.

यामागे शास्त्रही आहे. ॲन ट्रीझमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० मध्ये सहकाऱ्यासोबत मांडलं की एकच गुण वेगळा असलेली वस्तू, म्हणजे हिरव्यात एकच लाल, नजरेत चटकन भरते, आजूबाजूला कितीही गर्दी असली तरी. पण दोन गुण जुळवून शोधायचं असेल, लाल आणि उभी, तर मेंदूला एकेक वस्तू तपासत जावं लागतं आणि गर्दी वाढली की वेळ वाढतो. खेळातली चित्रं काढणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून ते वस्तूचा रंग मागच्या भिंतीच्या रंगात मिसळून टाकतात. लाकडी कपाटावर लाकडी रंगाचं व्हायोलिन, पडद्याच्या चुण्यांत जांभळा साप. रंगावर भरवसा ठेवाल तर फसाल, आकार धरा. कात्री शोधायची तर दोन गोल कड्या शोधा, छत्री शोधायची तर मुठीचा बाक.

लपवायच्या जागाही ठरलेल्या आहेत. किल्ली, पेन, सुरी अशा लांबट वस्तू खिडकीच्या गजाला किंवा फ्रेमच्या कडेला समांतर लावलेल्या असतात. सपाट वस्तू, म्हणजे नाणं, खेळायचा पत्ता, झाडाचं पान, या गालिच्याच्या किंवा भिंतीच्या नक्षीत मिसळतात. मापही बदललेलं असतं: हत्ती मुठीएवढा, माशी ताटाएवढी. हे एकदा कळलं की नजर वस्तूच्या खऱ्या मापात अडकून राहत नाही. आणि चित्र पट्ट्यापट्ट्यांनी बघा, डावीकडून उजवीकडे, मग खालची पट्टी. चारी कोपरे शेवटी मुद्दाम तपासा, कारण नजर मधल्या भागातच घुटमळते.

यादी इंग्रजीत असते आणि काही शब्दांना दोन अर्थ असतात. ‘बॅट’ म्हटलं की वटवाघूळही असू शकतं, ‘बो’ म्हटलं की धनुष्य किंवा रिबिनीची गाठ. एक सापडलं नाही तर दुसरं शोधा. शब्द अजिबातच माहीत नसेल तर डिक्शनरी बघण्यात काही गैर नाही.

हिंटबद्दल. ताई, हिंट घेणं लबाडी मुळीच नाही, बनवणाऱ्याने ती म्हणूनच ठेवली आहे. सुरुवातीला खेळ अवघडपणाची पातळी विचारतो, तिथे सगळ्यात सोपी निवडा. त्यात हिंटचं बटण लवकर भरतं आणि कुठे हात लावायचा तिथे चमक दिसते. एक पथ्य मात्र मी पाळतो: शेवटच्या दोन-तीन वस्तू राहिल्या आणि डोळे थकले की मगच हिंट. पहिल्याच वस्तूला हिंट घेतली तर चित्र बघायचंच राहून जातं.

मधली कोडी सोडून देण्याचं बटणही असतं, पण काही कोडी प्रत्येक खेळात पुन्हा पुन्हा येतात, ती एकदा शिकून घ्या. चकत्यांचा मनोरा (टॉवर ऑफ हनोई) हे त्यातलं एक: तीन खांब असतात, एका वेळी एकच चकती हलवत मनोरा दुसऱ्या खांबावर न्यायचा, मोठी चकती छोटीवर ठेवायची नाही. फ्रेंच गणिती एदुआर ल्यूका यांनी १८८३ मध्ये ते आणलं. तीन चकत्यांना कमीत कमी ७ चाली लागतात, चारला १५, पाचला ३१. युक्ती अशी की सगळ्यात छोटी चकती एकाआड एक चालीला हलवायची आणि नेहमी एकाच दिशेने. चकत्या विषम असतील तर पहिली चाल जिथे मनोरा न्यायचा त्या खांबावर, सम असतील तर मधल्या रिकाम्या खांबावर. सरकत्या तुकड्यांच्या चित्रात आधी वरची ओळ पूर्ण करा, मग डावा उभा रकाना, मग उरलेल्या छोट्या चौकोनात तेच. ओळीतले शेवटचे दोन तुकडे एकदमच आत सरकवावे लागतात, एकेक बसवायला गेलं की पहिला निसटतो. दिवे विझवायच्या कोड्यात एक बटण दाबलं की शेजारचे दिवेही बदलतात. तिथे एवढं लक्षात ठेवा की एकच बटण दोनदा दाबणं व्यर्थ आहे आणि क्रमाने काही फरक पडत नाही. वरच्या ओळीतला दिवा त्याच्या बरोबर खालचं बटण दाबून विझवा आणि असं एकेक ओळ खाली या. शेवटच्या ओळीत काही दिवे उरले तर पहिल्या ओळीतली एक-दोन बटणं दाबून पुन्हा वरून खाली या.

मुलगा याला टाइमपास म्हणतो, असं तुम्ही लिहिलं आहे. या खेळांनी स्मरणशक्ती वाढते असं सांगून मी तुमची बाजू घेणार नाही. असे दावे करणाऱ्या ‘ल्युमोसिटी’ या मेंदूच्या व्यायामाच्या ॲपला २०१६ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेशी वीस लाख डॉलरची तडजोड करावी लागली, कारण जाहिरातीतल्या दाव्यांना पुरेसा आधार नव्हता. औषध म्हणून खेळू नका. कोणीतरी महिनोन्महिने बसून एक खोली रंगवली, तिच्यात पन्नास गोष्टी लपवल्या, आणि तुम्ही ती खोली मन लावून बघता. नोकरी आणि संसार आटोपल्यावर संध्याकाळचा एक तास एखाद्या चित्राकडे नीट बघण्यात गेला तर त्याचा हिशेब कोणाला द्यायची गरज नाही.

डोळ्यांसाठी एक साधा नियम डॉक्टरही सांगतात: वीस मिनिटं झाली की वीस सेकंद वीस फुटांवर बघायचं. शोधताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात, म्हणून मधून मधून मुद्दाम मिटा. काळोखात खेळू नका, खोलीत दिवा असू द्या. चित्र अंधारं वाटलं तर स्क्रीनचा उजेड वाढवण्याऐवजी खेळाच्या सेटिंगमधला ब्राइटनेस वाढवून बघा, बऱ्याच खेळांत तो असतो.

लॅपटॉपचं. चार जीबी या खेळांना पुरतात. आधी विंडोज कोणती ते बघा. खेळ विकत घ्यायला मी ‘स्टीम’ हे ऑनलाइन दुकान वापरतो, पण त्यांनी १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ चा आधार थांबवला आहे, त्यामुळे विंडोज १० किंवा पुढची लागेल. किमती रुपयांत दिसतात आणि उन्हाळ्यात व डिसेंबरात मोठी सूट लागते, तोवर हवा तो खेळ इच्छायादीत टाकून ठेवा. अनेक खेळांचा डेमो फुकट मिळतो. घेतल्यावर आवडला नाही तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. एकही पैसा खर्च न करता सुरुवात करायची असेल तर ब्रिटिश प्रोग्रामर सायमन टॅथम यांचा कोड्यांचा संग्रह ब्राउझरमध्येच चालतो, जाहिरात एकही नाही. त्यात लपलेल्या वस्तू नाहीत, आकड्यांची आणि रेषांची कोडी आहेत.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुतेक उतरलेली असते. हे खेळ आपोआप सेव्ह होतात, पण बरेचदा खोली बदलताना किंवा मुख्य मेनूत गेल्यावर. आभाळ भरून आलं की मेनूत एक चक्कर मारून या.

विंडोज कोणती आहे आणि बॅटरी किती वेळ टिकते ते कळवा. विंडोज ७ निघाली तर मुलाला १० घालून द्यायला सांगता येईल, आणि तेही जमत नसेल तर त्या मशीनवर स्टीमशिवाय चालणारे जुने खेळ मी सुचवतो.