सिनेगॉगमध्ये पहिल्यांदा जाताय? मग शेवटच्या रांगेत बसू नका

तुमचा प्रश्न असा, की ऑफिसातल्या मैत्रिणीने तुम्हा नवराबायकोला शुक्रवारी संध्याकाळी ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, बोलावलंय, तुम्ही आयुष्यात कधी आत पाऊल टाकलेलं नाही, तर काय घालायचं, काय न्यायचं, नमस्कार करायचा का, टिकली चालेल का आणि ‘नवऱ्याने काय करायचं’. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, जन्म ठाण्यातला, आणि त्याच सिनेगॉगच्या बायकांच्या गॅलरीत बसून माझी पन्नासेक वर्षं गेली. पाहुण्या बायका बहुतेक वेळा माझ्याच शेजारी बसवल्या जातात, त्यामुळे कोण कुठे गांगरतं ते मला पाठ आहे. जरा लांबण लागेल.

आधी टिकलीचं सांगते, कारण हे कोणी उघड विचारत नाही आणि मनात सगळ्यांच्या असतं. काढू नका. मंगळसूत्रही काढू नका. आमच्यातल्या कितीतरी बायका घालतात. साडी, सलवार-कमीज, काहीही चालेल, फक्त खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. ओढणी बरोबर ठेवा, विवाहित बायका डोक्यावर पदर किंवा रुमाल घेतात. चपला आमच्याकडे बाहेर काढाव्या लागत नाहीत. तुमचा हात सवयीने वाकून पट्ट्याकडे जाईल, जाऊ दे, कोणी हसणार नाही.

नवऱ्याचं डोकं मात्र झाकलेलं हवं. दारात टोप्या ठेवलेल्या असतात, त्यातली घ्यायची. तुम्ही लिहिलंय की घरी सासऱ्यांची गांधी टोपी आहे, ती चालेल का? खुशाल चालेल. टोपी कोणती याला नियम नाही, डोकं झाकण्याला आहे. बाकीचे पुरुष सकाळच्या प्रार्थनेला अंगावर पांढरी शाल घेतात, चार कोपऱ्यांना दोऱ्यांच्या गाठी असलेली, आम्ही तिला ‘सिसिथ’ म्हणतो. कधी सकाळी गेलात आणि कपाटात घड्या दिसल्या तर पाहुण्याने ती उचलून पांघरायची नसते. टोपी सगळ्यांची, शाल आमची.

दारावरच्या पोलिसांनी दचकू नका. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईत नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला तेव्हापासून आमच्या प्रार्थनास्थळांवर पहारा असतो. आधार कार्ड जवळ ठेवा आणि मैत्रिणीला तुमची नावं आधी कळवायला सांगा. न कळवता आलेल्या पाहुण्याला दारातच दहा मिनिटं उभं राहावं लागतं आणि मग तो आत येतो तो अपमान झाल्याच्या चेहऱ्याने.

आता ‘रिकाम्या हाताने कसं जायचं’. हा आपला मराठी प्रश्न, आणि उत्तर तुम्हाला आवडणार नाही: रिकाम्याच हाताने जा. हार, नारळ, उदबत्ती यांचं तिथे काही काम नाही. पेढ्यांचा पुडा आणलात तर घेणारीची पंचाईत होते, कारण आमच्याकडे दूध आणि मटण एका जेवणात चालत नाही, आणि बाहेरच्या पदार्थात काय पडलंय ते कळायला मार्ग नसतो. पैसेही नकोत, शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी, पैशाला हात लावत नाहीत. अगदीच राहवत नसेल तर गुरुवारी मैत्रिणीच्या घरी फळं पोचवा. मी शाळेत असताना माझी एक वर्गमैत्रीण झेंडूचा हार घेऊन आली होती आणि कुणाला घालायचा म्हणून सगळीकडे बघत होती. घालायला कोणीच नाही! माझ्या आजीने तो तिच्या हातातून घेतला, गॅलरीच्या खिडकीत ठेवला आणि म्हणाली, “बस, वास छान येतोय.” त्या दिवसापासून ती मुलगी आजीची.

ही आजी सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणायची. जुन्या पिढीचा तोच शब्द. मुंबईत सॅम्युएल दिवेकरांनी 1796 मध्ये बांधलेलं आमचं पहिलं सिनेगॉग, शाआर हाराहामीम, ते ‘जुनी मशीद’, आणि मस्जिद स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं आमच्यात सगळे सांगतात. पुण्यात मात्र लोकांनी डेव्हिड ससूनच्या सिनेगॉगला ‘लाल देऊळ’ करून टाकलं. तुम्ही जाणार ते ठाण्याचं, टेंभी नाक्याजवळचं, शाआर हाशामाइम, म्हणजे स्वर्गाचं दार, 1879 चं. मशीद म्हणा, देऊळ म्हणा, कोणी रागावत नाही.

पण आत शिरताना देवळाची सवय बाहेर ठेवावी लागते, आणि खरी अडचण होते ती इथेच. देवळात आपण दर्शनाला जातो. रांग, गाभारा, नजरानजर, मग प्रदक्षिणा, झालं. सिनेगॉगमध्ये दर्शन घ्यायला काहीच नाही. समोरच्या भिंतीत पडदा लावलेलं एक कपाट आहे, त्याला हेखाल म्हणतात. ते पश्चिमेला असतं, कारण इथून येरुशलेम पश्चिमेला. आत तोराच्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या, चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या. शुक्रवारी संध्याकाळी ते कपाट उघडतसुद्धा नाहीत. मधोमध कठड्याचा चौथरा असतो, तेबा, त्यावर उभं राहून हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, म्हणतो आणि आजूबाजूचे त्याला साथ देतात. बस्स. त्यामुळे पहिल्यांदा आलेले लोक पाच मिनिटं झुंबरं आणि तेलाचे दिवे बघतात, मग घड्याळ. तुम्ही दर्शनाला निघालोय असं न समजता पारायणाला बसायला निघालोय असं समजा. पोथी परक्या भाषेतली आहे, पण चाल कानात शिरते.

बसायचं कुठे? तुम्ही वेगळ्या, नवरा वेगळा. तुम्ही वर गॅलरीत, किंवा त्या दिवशी बायका खालीच एका बाजूला बसल्या असतील तर तिथे. नवऱ्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो जिन्याशी तुमची वाट बघत राहील. आणि त्याला हेही सांगा की नम्रपणा म्हणून दाराजवळ शेवटच्या रांगेत बसू नकोस. कारण असं: शुक्रवारी ‘लेखा दोदी’ नावाचं गाणं म्हणतात, सोळाव्या शतकात इस्राएलमधल्या सफेद नावाच्या गावच्या श्लोमो अल्काबेट्झने रचलेलं. शब्बाथ ही नवरी, तिला सामोरे जाऊ या, असं त्याचं ध्रुपद. शेवटच्या कडव्याला सगळे उठतात, नवरी आत येतेय म्हणून गर्रकन मागे दाराकडे वळतात आणि वाकून तिचं स्वागत करतात. दाराजवळ बसलेल्या पाहुण्याला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं आणि सगळा समाज आपल्याकडे बघतोय. एकाने तर उठून उलट नमस्कार केला होता. वरून गॅलरीतून हे फार छान दिसतं. मधल्या रांगेत बसवा.

पुस्तक हातात दिलं तर ते उजवीकडून उघडतं. देवनागरीत हिब्रू छापलेली पुस्तकंही आमच्यात आहेत, मिळालं तर मागून घ्या. पान सापडत नसेल तर शोधू नका, शेजारीण न सांगता उलटून देईल. पुस्तक खाली पडलं तर उचलून त्याला ओठ लावतात. तुम्ही कपाळाला लावलंत तरी अर्थ तोच.

उभं कधी राहायचं? सगळे उभे राहिले की. एवढंच. गुडघे टेकायचे नाहीत, हात जोडायचे नाहीत, जोडलेत तर बिघडत नाही. एक जागा तेवढी सांभाळा. मध्ये एकदम शांतता होते, सगळे पाय जुळवून उभे, ओठ हलतायत, आवाज नाही. ही अमीदा. त्या वेळी कोणाच्या पुढून जाऊ नका आणि बोलू नका. ती संपताना माणसं तीन पावलं मागे सरकतात, तेव्हा मागे जागा ठेवा, नाहीतर पाय तुडवला जातो.

त्याआधी एका क्षणी सगळ्यांचा उजवा हात डोळ्यांवर गेलेला दिसेल. शब्द ऐकाल, ‘शेमा इस्राएल’, म्हणजे ‘ऐक, इस्राएल’. हे वाक्य कळलं तर बाकी प्रार्थना कळली नाही तरी चालेल. आमच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावला फुटलं, सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागल्या, पुस्तकं सगळी समुद्रात गेली. कोकणात ते तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. भाषा गेली, सणांची नावं मराठी झाली, नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. हिब्रूतलं तोंडात राहिलं ते एवढंच, शेमा. बाळ जन्मलं तरी तेच, माणूस गेला तरी तेच. परंपरा म्हणून ऐका, तारखा मागू नका. पण डोळ्यांवर हात ठेवून आजी ते म्हणायची तेव्हा मला नेहमी वाटायचं की ही बाई समुद्राचं पाणी डोळ्यांतून पुसतेय.

आता फोन. ‘सायलेंटवर ठेवीन’ म्हणाल, नका. घरी किंवा गाडीत ठेवा. मागे माझ्या पर्समध्ये फोन सायलेंटवर होता आणि औषधाचा गजर लावलेला मी विसरले. ऐन अमीदात तो सुरू झाला, जुन्या हिंदी गाण्याच्या चालीवर. शब्बाथला विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही, म्हणजे वाजतोय तो बंदही करता येत नाही! मी पर्सवर बसले. फोटोही काढायचे नाहीत, लिहूनही घ्यायचं नाही. (आमच्यातलेच काही जण रिक्षाने आलेले दिसतील. तो विषय काढू नका, त्यावर आमची भांडणं आमची आम्ही करतो.)

एक शक्यता सांगून ठेवते. प्रार्थना उशिरा सुरू होईल, पुरुष दाराकडे बघत उभे असतील. तेरा वर्षांवरचे दहा ज्यू पुरुष जमल्याशिवाय काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत, गेलेल्या माणसासाठी म्हणायची कद्दीशसुद्धा नाही. त्याला मिन्यान म्हणतात. ठाण्यात सहसा अडत नाही, देशातली आमची सर्वांत मोठी वस्ती आता इथेच आहे. कोकणातल्या जुन्या सिनेगॉगांत मात्र इमारत उभी आहे आणि दहावा माणूस नाही, घरंच्या घरं इस्राएलला गेली. माणसं एक, दोन, तीन अशी मोजायची नाहीत असा रिवाज आहे. म्हणून मोजणारा दहा शब्दांचं एक वचन पुटपुटतो, ‘होशिआ एथ अमेखा’ असं सुरू होणारं, आणि माणसागणिक एकेक शब्द टाकत जातो. शब्द उरला तर माणूस कमी. तुमच्या नवऱ्यावरून नजर पुढे सरकेल आणि त्याच्या वाट्याला शब्द येणार नाही. त्याने ते मनाला लावून घेऊ नये. मी पन्नास वर्षं येतेय, आमच्या रिवाजात माझ्याही वाट्याला आलेला नाही. हे मी तक्रार म्हणूनच लिहितेय.

साधारण तासाभरात संपतं. मग एकदम गलका होतो. ‘शब्बाथ शालोम’ म्हणत जो तो दुसऱ्याकडे हात पुढे करतो. याला हातबोशी म्हणतात: समोरच्याचे हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे, सोडायचे आणि मग आपलीच बोटं ओठांना लावायची. म्हाताऱ्या बायकांकडे आधी जायचं. त्यांचे हात गार आणि मऊ असतात, बांगड्या मनगटावर सैल झालेल्या. तुमच्याकडेही कोणीतरी हात करेलच. फक्त पुढे करा, ओठांना लावणं तुमच्यावर.

नंतर किद्दूश, म्हणजे पेल्यावर म्हणायचा शब्बाथचा आशीर्वाद. यात वाइनऐवजी आमच्याकडे शरबत असतं. काळ्या मनुका भिजत घालायच्या, उकळायच्या, कुस्करून गाळायच्या. रंग कोकमाच्या आगळासारखा, चव गोड आणि शेवटी किंचित तुरट. हजान पेला उचलून आशीर्वाद म्हणतो तोवर थांबा, सगळे ‘आमेन’ म्हणाले की तुम्हीही म्हणा. मग छोट्या ग्लासात शरबत आणि मीठ लावलेला पावाचा तुकडा हातात येतो. प्रसाद आहे का, असं तुम्ही विचारलंय. नाही. पण तो ग्लास परत फिरवलात तर वाढणारीला वाईट वाटेल ते प्रसाद नाकारल्याइतकंच.

वेळ मैत्रिणीकडूनच घ्या, ती सूर्यास्तावर असते आणि दर महिन्याला सरकते. तिने घरी दिवे सूर्यास्ताआधी लावलेले असतात, त्यानंतर तिला फोन करू नका, ती उचलणार नाही. पत्ता, पार्किंग, काय असेल ते दुपारपर्यंत विचारून घ्या. आणि वर आलात की डाव्या खिडकीशी चष्मा लावलेली, पर्स मांडीवर घट्ट धरलेली एक बाई दिसेल. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी असते.